खुशालीत मागितलेली नोकरी

"टेबल वाजीव की. बापाचा हात उतरलाय का बघू तुझ्यात."

कारखान्याचे चेअरमन म्हणाले. खेकसून नाही. हसत, लाडानं बोलावं तसं म्हणाले.

मी मुलाखतीला आले होते. लॅब केमिस्टच्या जागेसाठी. मांडीवर फाईल होती, फाईलीत एम.एस्सी.चं सर्टिफिकेट. समोर काच लावलेलं मोठं टेबल आणि पलीकडं तीन माणसं. मधे चेअरमन, ज्यांना सगळा मुलूख आबा म्हणतो. उजव्या हाताला एम.डी. डाव्या हाताला चीफ केमिस्ट, पुण्याचे, मऊ आवाजाचे, चष्मा पुसत पुसत बोलणारे.

माझा उजवा हात टेबलावर होता. कधी ठेवला ते आठवत नाही. बोटं थरथरत होती आणि नखं काचेवर बारीक वाजत होती. ते भीतीनं वाजत होतं. एम.डी. म्हणाले, "हां, सुरू झाली बघा."

तिघंही हसले.

हे पहिल्यापासून सांगायला पाहिजे. नुसता टेबलाचा किस्सा सांगितला की लोक म्हणतात, अगं, गंमत केली असेल म्हाताऱ्यानं, तू उगीच मनाला लावून घेतलंस. मला ही गंमत हाडापर्यंत ओळखीची आहे, म्हणून सांगते.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. सातारा जिल्हा तिथं संपतो. कारखाना हद्दीच्या पलीकडं, सांगली जिल्ह्यात, पण त्याची चिमणी आमच्या दारातून दिसते आणि हंगामात मळीचा वास आमच्या भाकरीला येतो. आमचा मांगवाडा. आता कमानीवर दुसरं नाव रंगवलंय, पण गाव म्हणायचं तेच म्हणतं. माझे वडील, अण्णा, हलगी वाजवतात. त्यांचे वडील वाजवायचे. कारखान्याचा बॉयलर पेटवायचा असला की हलगी लागते. पुढं दिवाळीनंतर गाळपाला उसाची पहिली मोळी टाकायची असली की परत हलगी लागते. हलगीवाचून हंगाम सुरू झालेला कुणी बघितला नाही. हलगीवाला कारखान्याच्या आत गेलेलाही कुणी बघितला नाही. बाहेरच्या अंगणात वाजवायचं आणि तिथंच उभं राहायचं.

वाजवून झालं की खुशाली मागायची रीत आहे. हलगी भुईवर ठेवायची, आबांपुढं वाकायचं आणि म्हणायचं, "आबा, खुशाली." आबा विचारतात, "काय पायजे रं बाळ्या?" अण्णांची साठी जवळ आली. आबांचा नातूसुद्धा त्यांना बाळ्याच म्हणतो. मग अण्णा मागतात. फेटा मागतात. एखाद्या साली साखर. एकदा छपराला पत्रे मागितले होते, ते मिळाले. मागणाऱ्यानं आपली पायरी ओळखून मागायचं आणि देणाऱ्यानं चार लोकांदेखत द्यायचं. टाळ्या पडतात. फोटो निघतात.

लहानपणी मी बघायला जायची. ट्रॅक्टरच्या मागं उभी राहून. सगळ्या वाड्यात अण्णांसारखा वाजवणारा नाही. हलगी जाळावर शेकून त्यांनी पहिली काडी मारली की अंगावर काटा यायचा. बघणारी माणसं आपोआप ताठ व्हायची. आणि तोच माणूस पुढच्या घटकेला आबांच्या पायाशी वाकलेला. मला ते बघवायचं नाही, पण डोळे मिटायचीही भीती वाटायची. आबांची गाडी गावातून निघाली की अण्णा चप्पल काढून कडेला उभे राहायचे आणि मला दंडाला धरून मागं ओढायचे. त्यांचा हात गार पडलेला असायचा. बाप घाबरतो हे मला तिथं कळलं. मग मीही घाबरायला लागले, आणि कशाला घाबरतो हे कुणी सांगितलंच नाही.

बी.एस्सी. कराडला केलं, एम.एस्सी. सांगलीला. एस.टी.च्या पासावर. मला लॅब आवडायची. तिथं पांढरा कोट घातला की कुणी 'कुणाची गं तू' म्हणत नव्हतं. निदान तेवढा वेळ तरी नव्हतं. कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्टची जागा निघाली तेव्हा मी कुणाला न विचारता अर्ज केला. उसाचा रस तपासायचा, साखरेचा उतारा काढायचा, हे मला येत होतं. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा घरात सांगितलं. आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "आगं, तितं?" एवढंच. तिच्या त्या 'तितं'मध्ये सगळं होतं.

मी मोबाईलवर मुलाखतीचे व्हिडिओ बघायला लागले. टाय लावलेला एक माणूस सांगायचा की ते तुम्हाला विचारतील, तुमचं आयडियल करिअर काय. तेव्हा घाबरायचं नाही, हसऱ्या चेहऱ्यानं सांगायचं की मला संस्थेबरोबर वाढायचंय. मी परड्यात म्हशीपुढं उभी राहून ते इंग्रजीत पाठ केलं. म्हैस रवंथ करत बघायची. तिच्यापुढं एकदाही अडखळले नाही.

त्यातच बॉयलर पेटवायचा दिवस आला. अण्णा गेले. संध्याकाळी आले ते गुलाल लावलेले, फेटा बांधलेले, हातात नारळ. दारातूनच म्हणाले, "काम झालं तुजं."

"कुठलं काम?"

"नोकरीचं. आबांनी इचारलं, काय पायजे बाळ्या. म्या म्हनलं, आवंदा फेटा नगं, काय नगं. माजी पोरगी शिकलीया, तिला चिकटवा. हसलं आबा. म्हनलं, दिली जा."

फेटाही दिला होता, वरकड म्हणून.

वाड्यातली माणसं गोळा झाली. चुलत्यांनी पेढे आणले. मी अण्णांकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी बघितला नव्हता. त्यांना काय सांगू? की मला मुलाखत देऊन ती जागा मिळवायची होती? की तुम्ही मला पत्र्यांसारखी मागून आणलीत? आमच्यात मागितल्याशिवाय कुणाला काय मिळालंय, की त्यांना दुसरं काही सुचावं? मी पेढा तोंडात धरून बसले.

मुलाखतीच्या दिवशी अण्णा बरोबर निघाले. नको म्हटलं तरी निघाले. धुतलेलं धोतर, टोपी. गेटवरच्या वॉचमननं मला आत सोडलं आणि अण्णांना म्हणाला, "बाळू, तू हितंच बस." अण्णा बाहेर लिंबाखाली बसले. मी वळून बघितलं तर त्यांनी हात हलवला. जा, जा, घाबरू नगंस, असा.

वरच्या मजल्यावर बाकावर बरेच जण होते. माझ्या शेजारी कोरेगावची एक मुलगी होती. तिला आधी बोलावलं. ती बराच वेळ आत होती. आली तेव्हा घामाघूम. म्हणाली, "लय खोलात विचारतायत गं. रसाचा सामू, चुना किती, सगळं." मला हायसं वाटलं. खोलात विचारतायत म्हणजे खरी मुलाखत आहे. मी मनातल्या मनात सगळं घोकलं. एकेक जण जात होता, येत होता. माझं नाव येईना. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "तुमाला शेवटी घ्यायचंय. आबांनी सांगितलंय." बाक रिकामा होत गेला. आता उठावं आणि पळून जावं असं वाटलं. पण जिन्याची वाट त्यांच्या दारावरूनच जात होती.

आत गेले. बस म्हणाले, बसले. फाईल पुढं केली. कुणी हात लावला नाही.

चीफ केमिस्टनी चष्मा पुसला आणि सगळ्यांना विचारला असेल तोच पहिला प्रश्न विचारला. "तुमचं आयडियल करिअर काय? म्हणजे आयुष्यात पुढं काय व्हायचंय?"

पाठ केलेलं इंग्रजी कुठं गेलं देव जाणे. एक शब्द आठवेना. आणि भीतीनं तोंडातून जे आलं ते खरंच आलं.

"मला चीफ केमिस्ट व्हायचं हाय."

आबा हसले, पोट हलवून. "व्हय का? मग ह्यांनी कुटं जायचं? काशीला?" त्यांनी चीफ केमिस्टच्या पाठीवर थाप मारली. चीफ केमिस्टही हसले. एम.डी. म्हणाले, "बाळ्याची ना ही?"

"हां, हलगीवाल्याची," आबा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "हे बघ पोरी. बापानं तुज्या खुशाली मागितली, आमी दिली. शब्द म्हंजे शब्द. लॅबात बाटल्या धुवायला, नमुनं आनायला मानूस लागतंय. हंगामापुरतं. उद्यापास्नं ये."

मी म्हटलं, "मी केमिस्टच्या पोस्टला अर्ज केलाय."

"त्या पोस्टला पोरं बगितली की सकाळपास्नं."

"मला कामाचं काहीच विचारलं नाही."

"तुला कशाला इचारायचं? तुजं काम तर आदीच झालंय." त्यांना खरंच नवल वाटलं होतं. त्यांच्या लेखी त्यांनी मोठं मन दाखवलं होतं. मी कृतज्ञ दिसत नव्हते म्हणून त्यांनी वातावरण हलकं करायला गंमत काढली. टेबल वाजीव की. बापाचा हात उतरलाय का बघू.

तर मी तिथं होते. हात काचेवर होता.

मी वाजवणार होते. हे सांगायला लाज वाटत नाही, भीती काय असते ते ज्यानं भोगलंय त्याला कळेल. माझ्या डोळ्यांपुढं अण्णा होते, लिंबाखाली बसलेले. चुलत्याची उसाची बैलगाडी याच कारखान्याला चालते. मोळीला अण्णांना बोलावणार कोण, तर समोर बसलेला माणूस. चार ठेके मारले की सुटका होती. चार ठेके मारून हसायचं, उद्यापासून बाटल्या धुवायच्या, आणि घरी जाऊन सांगायचं की नोकरीला लागले.

तेवढ्यात चीफ केमिस्टनी आपला चहाचा कप उचलला आणि बाजूला सरकवला. बशीसकट. मी वाजवताना टेबल हलेल, चहा सांडेल, म्हणून. माझ्यासाठी जागा केली त्यांनी. शिकलेला माणूस. ज्या खुर्चीवर मला बसायचं होतं त्या खुर्चीतला. त्यानं एक शब्द काढला नाही, चेहऱ्यावर रेघ उमटली नाही, फक्त कप सरकवला. आबांचा मला राग येत नव्हता, आबांची भीतीच वाटत होती. पण तो कप सरकलेला बघितला आणि माझ्या आत काहीतरी ताडकन उभं राहिलं.

मी हात मांडीवर घेतला.

"न्हाई," मी म्हटलं. आवाज फाटका आला. "वाजवणार न्हाई."

"का गं? लाजती व्हय?"

"माझे वडील हलगी वाजवतात. लय चांगली वाजवतात. मी मुलाखतीला आलेय. बाकीच्यांना जे विचारलं ते मला विचारा."

आबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "जा, बापाला इचारून ये आदी. त्यानं मागितलं तवा आमी दिलं."

"त्यांनी मागितलेली खुशाली मी परत करते, आबा. माझी मुलाखत घ्या."

हे वाक्य मी कुठून आणलं मला माहीत नाही. बोलून झाल्यावर मीच दचकले. एम.डी. टेबलावरच्या काचेत बघत होते. चीफ केमिस्ट आबांकडं बघत होते. खुर्चीनंच तोंड उघडून बोलावं आणि माणसानं बघत राहावं, तसे आबा माझ्याकडं बघत होते.

"झाली मुलाखत," ते म्हणाले. "जा."

मी उठले नाही. लोकांना वाटतं ती हिंमत होती. गावात काही पोरं अजून सांगतात की ती आबांपुढं ठाण मांडून बसली. खरं सांगते, पायात बळ नव्हतं. उठले असते तर पडले असते. म्हणून बसून राहिले. आणि बसल्या बसल्या मला एक दिसलं. त्या तिघांना काय करावं ते कळेना. जा म्हटल्यावर न जाणारं माणूस त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आबांनी बेल वाजवली. शिपाई आला आणि दारात उभा राहिला. त्यालाही कळेना. शेवटी चीफ केमिस्ट हळूच म्हणाले, "जा बाई आता." मग पाय आले आणि मी उठले.

गेटवर अण्णा उठून पुढं आले. "घेतलं न्हवं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, कपाचंही. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. ते लिंबाच्या बुडाला हात टेकून खाली बसले.

"आबांच्या तोंडावर बोललीस? काय केलंस ह्ये पोरी?"

मग मात्र मला भडका आला. रस्त्यावरच. "तुमी मला मागितलं, अण्णा. पत्रं मागितलं तसं. मी काय खुशाली हाय व्हय? मी अर्ज केलावता. माझ्या नावानं केलावता."

उसाचा रिकामा ट्रॅक्टर दणदणत गेला. तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "माज्या बानं बी मला असंच मागून घेतलंवतं. म्हातारा झालावता तवा. आबांच्या वडलांफुडं वाकून म्हनला, माज्यामागनं ह्या पोराला वाजवू द्या. दिलं त्यांनी. मला वाटलं, माज्या बानं मला भाईर मागून घेतलं, म्या तुला आत मागून घ्यावं. तेवडंच म्होरं सरकल."

मला त्यांच्यावर ओरडता येईना. रडताही येईना. एस.टी. आली, आम्ही चढलो. वाटेत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी माझ्या हाताकडं.

नोकरी मिळाली नाही हे सांगायला नको. दिवाळी झाली, मोळीचा दिवस आला. दरसाली कारखान्याची जीप यायची. अण्णा सकाळपासून फेटा बांधून, हलगी शेकून ओट्यावर बसले. जीप आली नाही. दुपारी कळलं, आबांनी इस्लामपूरकडून बँजो पार्टी आणली. आमच्या अंगणापर्यंत आवाज येत होता. अण्णांनी फेटा सोडला, नीट घडी घातली. वाडा माझ्यावर चिडला. चुलत्यानं बोलणं टाकलं, त्याची बैलगाडी यंदा पार मागच्या टोळीत टाकली होती. आई म्हणाली, "पान्यात ऱ्हाऊन माशाशी वैर करतंय का कोन?" मी म्हटलं, "आये, आपण पाण्यात कुठं हाय, आपण काठावर उभं हाय. काठावरच उभं ठेवलंय." तिला पटलं असं नाही. पण परत ती म्हण तिनं काढली नाही.

मी आता सांगलीत एका खाजगी लॅबमध्ये दूध तपासते. कंत्राटी. भीती गेली असं कुणी समजू नये. मालकानं आत बोलावलं की अजून घाम फुटतो. मोठ्या टेबलासमोर बसले की हात आपोआप मांडीखाली जातात. भीती माझ्या आजापासून आलेली आहे, ती एका नकारानं जात नाही. पण एक फरक पडला. आधी भीती वाटली की मी मागं सरायची. आता भीती वाटते आणि मी तिथंच असते.

यंदा कारखान्यानं परत जाहिरात काढली. तीच जागा. मी अर्ज केलाय. ऐकून अण्णा चाचरत म्हणाले, "येकदा आबांच्या घरला जाऊन येऊ का? पाया पडतो. इसरलं असतील."

मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "अण्णा, तुमाला वाजवायचं तर वाजवा. बोलावतील तिथं जावा, नसलं जायचं तर नगा जाऊ. ते तुमचं. पण माझ्यासाठी आजपास्नं कुणाफुडं वाकायचं न्हाई. तुमी वाकलात तर मी ती नोकरी मिळाली तरी घेणार न्हाई."

त्यांनी मान हलवली. घाबरूनच हलवली. तरी हलवली.

बोलावणं आलं तर जाईन. नाही आलं तर गेटवर जाऊन विचारीन, का नाही आलं. परत सगळ्यांच्या शेवटी बसवतील, तर बसेन. टेबलापलीकडं तीच तीन माणसं असतील, माझा आवाज फाटेल. काय व्हायचंय म्हणून विचारलं की मी तेच सांगीन, चीफ केमिस्ट. हसतील. हसून होईपर्यंत थांबेन. मग म्हणेन, आता पुढचा प्रश्न विचारा. आणि मुलाखत पुरी झाल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठणार नाही. या खेपेला पायात बळ असलं तरी उठणार नाही.